बाबांना कुठे लावायचं?

फ्रेम्स लावणं म्हणजे नुसतं इंटिरियर नव्हे. कोण किती उंचीवर आणि कोणाच्या शेजारी, हे ठरवताना अख्खं घर बोलायला लागतं...

घर सजवायचं म्हटलं की आपली सगळी एनर्जी सोफा, पडदे आणि किचन ट्रॉलीत खर्च होते. भिंतींचा नंबर सगळ्यात शेवटी. तोपर्यंत बजेट संपलेलं असतं आणि उत्साहही. मग वास्तुशांतीला आलेला गणपती, ऑफिसच्या सेंड-ऑफला मिळालेलं घड्याळ, हौसेने घेतलेलं एखादं वारली पेंटिंग, असं जे हाताला लागेल ते भिंतीवर जातं. कुठे? तर आधीच्या भाडेकरूने जिथे खिळा ठोकून ठेवलाय तिथे! हसू नका, तुमच्याही हॉलमध्ये असा एक खिळा नक्की असेल.

मी फ्रीलान्सर. 'भिंतींना द्या नवा लूक' छापाचे लेख मी आजवर किमान तीनदा तरी लिहिलेत. सोफ्यावर किती जागा सोडायची, दोन फ्रेम्समध्ये किती अंतर ठेवायचं, सगळं तोंडपाठ. पण गेल्या मे महिन्यात चांदवडच्या आमच्या घरी तेवीस फ्रेम्स जमिनीवर पसरून आई आणि मी बसलो होतो, तेव्हा आईने एक प्रश्न टाकला. त्याचं उत्तर कुठल्याच टिप्समध्ये नव्हतं.

"ते सगळं ठीक आहे गं. पण बाबांना कुठे लावायचं?"

तेवीस फ्रेम्स, एक घर

चांदवड म्हणजे नाशिकहून मुंबई-आग्रा रस्त्याने धुळ्याकडे निघालात की साठ-पासष्ट किलोमीटरवर लागणारं तालुक्याचं गाव. डोंगराच्या पोटातलं रेणुकामातेचं मंदिर, कांद्याचे ट्रॅक्टर आणि पुढे राहुड घाट. बहुतेकांनी ते एसटीच्या किंवा कारच्या खिडकीतूनच बघितलेलं असतं. इतिहासाची आवड असेल तर इथल्या टांकसाळीतला 'चांदवडी रुपया' ऐकून माहीत असेल. आमचं घर जुन्या गावात. अर्ध्या भिंती जुन्या, जाड, विटा-मातीच्या. अर्ध्या नंतर बांधलेल्या, सिमेंटच्या. जुन्या भिंतींना पावसाळ्यात ओल यायची, पोपडे पडायचे. बाबा असताना दर दिवाळीला "या वेळी रंग काढू" असं ठरायचं आणि दर दिवाळीला पुढच्या दिवाळीवर जायचं. दोन वर्षांपूर्वी श्रावणात बाबा गेले. शेवटी आईनेच मिस्त्रीला बोलावलं, गिलावा खरवडून नवा करून घेतला आणि रंग काढला.

रंग काढायचा म्हणजे आधी भिंती रिकाम्या करायच्या. खाली उतरवल्यावर मोजल्या तर फ्रेम्स निघाल्या तेवीस! देवांच्या आठ. पणजोबा, आजोबा वगैरे गेलेल्या माणसांच्या पाच. लग्नं, मुंजी, ग्रुप फोटो अशा सहा. आजीने केलेला काचमण्यांचा मोर. कॅलेंडरमधून कापून फ्रेम केलेलं एक बर्फाच्छादित पर्वताचं चित्र (आमच्याकडे कोणीही कधीही बर्फात गेलेलं नाही). आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाली तेव्हाचं सन्मानपत्र. आणि तेविसावी फ्रेम बाबांची, सगळ्यात नवी.

नव्या भिंतीवर उन्हाळ्याचा उजेड असा काही पडला होता की आईला एकही खिळा ठोकवेना. "किती मोकळं वाटतंय," ती म्हणाली. आणि दोन मिनिटांनी, "किती रिकामं वाटतंय."

मान वर करून बघायचे फोटो

तुमच्या आजोळच्या घरातले फोटो आठवा. कुठे असायचे? पार वर, तुळईच्या खाली. शिवाय भिंतीला चिकटून नाही, तर डोकं पुढे काढून वाकलेले. फ्रेमचा खालचा भाग भिंतीतल्या लाकडी पट्टीवर टेकवलेला, वरचा भाग तारेने किंवा सुतळीने मागे बांधलेला. लहानपणी मला वाटायचं की पणजोबा वरून वाकून आमच्यावर लक्ष ठेवतायत. त्यात तथ्य आहेच, पण त्यामागे साधं लॉजिकही आहे. माणसं खाली, सतरंजीवर बसायची. खाली बसून वर बघताना सरळ टांगलेल्या फोटोच्या काचेवर दाराचा उजेड चमकतो, चेहरा दिसतच नाही. फ्रेम पुढे झुकवली की चमक जाते आणि चेहरा तुमच्याकडे बघतो. वर पोरांचे हातही पोचत नाहीत.

पण खरं कारण उजेडाचं नसावं. घरात पहिल्यांदा फ्रेम आली ती देवाची. देव काय खाली लावणार?

गंमत अशी की ही 'पहिली फ्रेम' फार जुनी नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत भिंतीवर चित्र हवं असेल तर ते भिंतीवरच काढून घ्यावं लागायचं, आणि त्यासाठी पदरी चितारी हवा. याचा नमुना आमच्या गावातच आहे: चांदवडचा रंगमहाल. अठराव्या शतकातला होळकरांचा वाडा. कोरीव काम केलेले लाकडी खांब आणि गिलाव्यावर रंगवलेले पौराणिक प्रसंग. शाळेच्या सहलीत आम्हाला तिथे नेलं होतं तेव्हा आम्ही खांबांमागे लपाछपी खेळलो होतो. रंग काढण्याच्या त्या आठवड्यात आईला घेऊन मी पुन्हा गेले. चित्रांमधला बराच रंग उडालाय, काही ठिकाणी आकृती कुठे संपते आणि डाग कुठे सुरू होतो ते कळत नाही. कारण साधं आहे. भिंतीवर काढलेलं चित्र भिंतीबरोबर जगतं. भिंतीला ओल आली की त्याला ओल, गिलावा सुटला की तेही गेलं. ते उतरवून दुसऱ्या खोलीत नेता येत नाही, लेकीला सासरी जाताना देता येत नाही.

सामान्य माणसाच्या घरात चित्र आलं ते छापखान्यांमुळे. पुण्यात 1878 मध्ये चित्रशाळा प्रेस सुरू झाली, तिच्या रामपंचायतनाने कितीतरी मराठी घरांमध्ये जागा मिळवली. मग 1894 मध्ये राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तैलचित्रासारखी दिसणारी त्यांची लक्ष्मी आणि सरस्वती छापून निघाली आणि राजाच्या दिवाणखान्यात शोभणारी देवी चाळीतल्या खोलीत आली. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळकेही सिनेमाकडे वळण्याआधी या छापखान्यासाठी ब्लॉक बनवायचं काम करत होते. नंतर रघुवीर मुळगावकर, दीनानाथ दलाल यांची चित्रं कॅलेंडरांवरून आणि दिवाळी अंकांवरून घरोघर गेली. वर्ष संपलं की तारखांचा भाग कापायचा आणि चित्र फ्रेमवाल्याकडे द्यायचं, हा तेव्हाचा हिट फॉर्म्युला. आमच्या आठ देवांपैकी एक लक्ष्मी अशीच, मुळगावकरांच्या सहीची. खालची तारखांची पट्टी कापताना आजोबांची कात्री जरा तिरकी गेलीय, ते अजून दिसतं.

म्हणजे फ्रेमचा खरा फायदा सौंदर्याचा नाहीच, फ्रेम हलवता येते हा आहे. पण आपण ती हलवतो का? नाही. एकदा वर गेलेला फोटो पिढ्यान्‌पिढ्या वरच राहतो, रंगमहालातल्या चित्रासारखा. आणि देवांच्या फ्रेम्सचीच उंची आपण नकळत माणसांनाही देऊन टाकली. माणूस गेला की फोटो मोठा करायचा, हार घालायचा आणि वर लावायचा. जिवंतपणी ज्याच्याशी आपण समोरासमोर भांडलो, त्याच्याकडे आता मान वर करून बघायचं.

कोटातले बाबा

बाबांची ती तेविसावी फ्रेम काकांनी करून आणली होती, दहाव्या-बाराव्याच्या गडबडीत. त्या दिवसांत आईला विचारायचं कोणाला सुचणार? घरात सापडला तो आयकार्ड साइजचा फोटो स्टुडिओत दिला गेला. तिथे त्यांनी तो मोठा केला, मागे निळंशार आकाश टाकलं, केस काळे केले आणि बाबांना कोट-टाय चढवला.

आता, माझे बाबा बाजार समितीत हिशेबाच्या कामाला होते. कांद्याच्या सीझनमध्ये घरी येईपर्यंत त्यांच्या शर्टाला कांद्याचा वास यायचा. कोट त्यांनी आयुष्यात घातला नाही. स्वतःच्या लग्नात ते सफारीत होते! आईने दोन वर्षं त्या फोटोला रोज फूल वाहिलं. पण त्या दुपारी फ्रेम मांडीवर घेऊन ती म्हणाली, "मी यांच्याशी बोलूच शकत नाही गं. कोणीतरी साहेब असल्यासारखं वाटतं."

तिच्या मनात दुसराच फोटो होता. मास कम्युनिकेशनच्या दुसऱ्या सेमिस्टरला मला फोटोग्राफीची असाइनमेंट होती, त्यासाठी काढलेला. बाबा ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलतायत, बनियनवर, खांद्यावर टॉवेल. कॅमेऱ्याकडे लक्ष नाही. फ्रेमच्या डावीकडे बघत ते खो खो हसतायत. डावीकडे आई होती. ती काय बोलली होती ते आता तिलाही आठवत नाही.

"हा लावू," आई म्हणाली. "आणि तुम्हा सगळ्यांमध्ये लावू. एकट्याला नको."

इथे प्रॉब्लेम सुरू झाला. फोनवर फोन. काकांचं म्हणणं, गेलेल्या माणसाचा फोटो दक्षिणेच्या भिंतीवर हवा. मोठ्या आत्याचं म्हणणं, जिवंत माणसांच्या फोटोंमध्ये तो लावत नाहीत, मुलाबाळांना बरं नसतं. बनियनवरचा फोटो? छे! लोक काय म्हणतील? शेजारच्या आजी तर थेट म्हणाल्या, "हार घालायला सुद्धा जागा नाही, इतकं खाली?"

हे लोक वाईट नाहीत हो. काकांनी त्या बारा दिवसांत सगळं केलं. आत्या आजही बाबांचं नाव निघालं की पदर डोळ्यांना लावते. त्यांच्यासाठी वरची जागा म्हणजे मान. भावाला सगळ्यात वर बसवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आणि आईला तो वर गेल्यावर परका वाटतो. दोन्ही बाजूंना प्रेमच, फक्त खिळ्याच्या उंचीत फरक. तुमच्या घरी असा प्रसंग आला नसेल तर येणार आहे. तेव्हा सोफ्यावर किती जागा सोडायची हा प्रश्न फार सोपा वाटेल.

आईने वाद घातला नाही. सदतीस वर्षं मुलांना शिकवलेली बाई आहे ती, आवाज न चढवता वर्ग शांत करायची सवय. काकांना फोनवर म्हणाली, "भाऊजी, तुम्ही म्हणता ते बरोबर असेल. पण दिवसभर घरात मी असते. मला ते दिसायला हवेत, दर्शनाला नकोत."

पेपरचे ताव आणि ओळंबा

निर्णय झाला आणि मग माझं 'प्रोफेशनल' ज्ञान कामाला आलं. कृती देते, तुमच्या उपयोगाची आहे.

आधी जुन्या वर्तमानपत्रांचे ताव घ्यायचे आणि प्रत्येक फ्रेमच्या मापाचा कागद कापायचा. कागदावर फ्रेमचं नाव लिहायचं. मग ते कागद रंगाऱ्याच्या टेपने भिंतीवर चिकटवायचे आणि दोन दिवस तसेच ठेवायचे. येता-जाता बघायचं, हलवायचं. भिंतीला एक भोकही न पाडता मांडणी बदलता येते. आम्ही चार वेळा बदलली. आमच्या भिंतीवर दोन दिवस 'आजोबा', 'मोर', 'ताईचं लग्न', 'लक्ष्मी' असे कागद लागले होते. दूधवाल्याला वाटलं घरात परीक्षा आहे!

दोन फ्रेम्समधलं अंतर साधारण दोन ते तीन इंच ठेवायचं. त्याहून जास्त ठेवलं की फ्रेम्स एकमेकींशी बोलत नाहीत. सगळ्यात मोठी फ्रेम बरोब्बर मधे नको, जराशी बाजूला. एखाद्याचा चेहरा उजवीकडे वळलेला असेल तर ती फ्रेम डाव्या बाजूला लावायची, म्हणजे नजर भिंतीबाहेर न जाता बाकीच्या फोटोंकडे जाते. बाबा डावीकडे बघतायत, म्हणून ते उजवीकडे.

फ्रेम सरळ लावायला एका खिळ्याऐवजी दोन खिळे वापरा, ती पंख्याच्या वाऱ्याने तिरकी होत नाही. मोबाइलमध्ये लेव्हल बघायची सोय असते. आमच्या मिस्त्रीकाकांनी मात्र पिशवीतून ओळंबा काढला आणि "मोबाइल चुकंल, हा नाही चुकणार" असं म्हणत लावून दाखवला. सिमेंटच्या भिंतीला ड्रिलने भोक, त्यात प्लास्टिकची गिट्टी आणि मग स्क्रू. जुन्या मातीच्या भिंतीत नुसता खिळा ठोकला तर गिलाव्यासकट हातात येतो. तिथे आम्ही आडवी लाकडी पट्टी बसवून घेतली आणि फ्रेम्स तिच्यावर टांगल्या.

जुने फोटो असतील तर आणखी दोन गोष्टी. फ्रेममध्ये फोटोभोवती जो जाड कागदाचा माउंट लावतात तो फॅशनसाठी नाही. त्यामुळे काच आणि फोटो यांच्यात पोकळी राहते. ती नसली की पावसाळ्यात फोटो काचेला चिकटतो. चिकटलेला फोटो ओढून काढू नका, चेहऱ्याचा थर काचेवरच राहतो. काचेसकटच त्याचा फोटो काढा किंवा स्कॅन करून घ्या. आणि ओरिजिनल फोटो अल्बममध्ये ठेवून भिंतीवर कॉपी लावा, कारण ऊन रंगीत फोटो हळूहळू खाऊन टाकतं. आमच्या पणजोबांच्या फ्रेमचा मागचा हार्डबोर्ड काढला तर कसरीने एक कोपरा फस्त केलेला! चेहरा थोडक्यात वाचला होता. बाजारपेठेतल्या फ्रेमवाल्या काकांनी तो नव्या बोर्डावर बसवून दिला. पट्टी मात्र जुनीच ठेवली. "ताई, असं लाकूड आता मिळत नाही," म्हणाले.

आता उंची. आर्ट गॅलऱ्यांमध्ये एक नियम पाळतात. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 57 इंचांवर, म्हणजे पावणेपाच फुटांवर. उभ्या माणसाची नजर तिथे जाते. पूर्वी युरोपातही असं नव्हतं. पॅरिसच्या सलोनमधली चित्रं फ्रेमला फ्रेम लावून छतापर्यंत टांगलेली असायची आणि 'वर टांगलं' म्हणून चित्रकार रुसायचे. नजरेच्या रेषेत, मधे मोकळी जागा सोडून चित्रं लावायची पद्धत नंतर आली.

मी टेपने 57 इंच मोजून भिंतीवर पेन्सिलने खूण केली. आई म्हणाली, "हे कोणासाठी?"

"नियम आहे. उभं राहिल्यावर बरोबर डोळ्यांसमोर येतं."

"मी कशाला उभी राहू?" असं म्हणून ती तिच्या खुर्चीत जाऊन बसली. भिंतीच्या डाव्या टोकाला उत्तरेची खिडकी आहे, तिच्यापाशी आईची खुर्ची. सकाळचा चहा, पेपर, दुपारचं निवडणं-टिपणं, संध्याकाळचं फोनवर बोलणं, सगळं तिथून. "इथून मोज," ती म्हणाली.

खुर्चीत बसलेल्या, चार फूट अकरा इंच उंचीच्या माझ्या आईचे डोळे जमिनीपासून साडेतीन फुटांवर येतात. बाबांचा फोटो तिथे लागला. पूर्वेच्या भिंतीवर, उजव्या अंगाला. शेजारी ताईचं लग्न, तिच्या मुलाचं बारसं, माझा कॉन्व्होकेशनचा फोटो, आजीचा मोर. बाबा डावीकडे बघतात, आणि डावीकडे खुर्ची आहे. ही मांडणी कोणत्याही मॅगझिनमध्ये दाखवायला चालणार नाही. उभं राहून बघितलं तर ती जरा खाली घसरल्यासारखी वाटते. पण आमच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा पाच मिनिटांत आपसूक बसतो.

देव आणि पणजोबा-आजोबा होते तसेच वर, दक्षिणेच्या आणि देवघराच्या भिंतीवर राहिले. आईने त्यांना हात लावला नाही. "त्यांना मी मान वर करूनच ओळखते," ती म्हणाली. बर्फाचा पर्वत बाथरूमच्या पॅसेजमध्ये गेला. त्याबद्दल घरात पूर्ण एकमत होतं.

श्राद्धाचा दिवस

श्रावणात बाबांच्या श्राद्धाला सगळे जमले. मला टेन्शन होतं. आत्या आली, हातपाय धुतले, पाणी प्यायली आणि दक्षिणेच्या भिंतीकडे बघितलं. तिथे बाबा नव्हते. मग तिची नजर खाली आली. ती पूर्वेच्या भिंतीसमोर गेली, वाकली, आणि मग सरळ जमिनीवर मांडी घालून बसली, फोटोच्या समोर.

"वन्सं, वर खुर्चीवर बसा ना," आई म्हणाली.

"राहू दे," आत्या म्हणाली. बराच वेळ काही बोलली नाही. मग, "शेंगा सोलताना असाच अर्ध्या तोंडात टाकायचा. मी आईला सांगायचे, आणि मग मलाच बोलणी."

पण म्हणून तिने तिचं मत सोडलं असं नाही. "हे ठीक आहे वहिनी, पण आज तरी त्याला नीट बसव," ती म्हणाली. आईने हो म्हटलं. मी फ्रेम खिळ्यावरून उतरवली. आईने पाट मांडला, आत्याने भोवती रांगोळी काढली. बाबा पाटावर बसले, बनियनवर, गळ्यात झेंडूचा हार. काकांनी हात जोडले. जाताना आत्याने त्या फोटोची एक कॉपी मागितली. ती कॉपी तिच्या घरी वर लागली, हारासकट. तिचा भाऊ, तिची भिंत.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर आईने हार उतरवला, काच पुसली आणि फ्रेम पुन्हा साडेतीन फुटांवर लावली. इतकंच. रंगमहालातल्या कुठल्याही चित्राला हे जमलं नसतं, असं मला तेव्हा वाटून गेलं. कोटातल्या बाबांची फ्रेम आईने फेकली नाही. काकांनी प्रेमाने आणलीय म्हणून ती कपाटात आहे. काका राहायला आले की ती दक्षिणेच्या भिंतीवर येते!

तुमच्या भिंतीसाठी

माझ्या पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये खिळा ठोकायची परवानगी नाही. अॅग्रिमेंटमध्येच लिहिलंय. तुमच्यापैकी निम्म्या लोकांचं हेच असणार. त्यावर सोपा उपाय: टेबलावर, पुस्तकांच्या शेल्फवर, खिडकीच्या कट्ट्यावर फ्रेम्स नुसत्या टेकवून ठेवा. हलक्या फ्रेम्ससाठी चिकटपट्टीचे हुक मिळतात, पण सोलवटलेल्या रंगावर किंवा ओल्या भिंतीवर त्यांचा भरवसा धरू नका. माझ्या कामाच्या टेबलावर लॅपटॉपच्या उजव्या बाजूला बाबांची छोटी कॉपी आहे. मी बसूनच काम करते, त्यामुळे नजरेची रेषा आपोआप जमली.

आणि ज्यांच्या आई-बाबांचं घर अजून गावाला आहे त्यांनी पुढच्या सुट्टीत एक काम करा. भिंतीवरचे फोटो खाली उतरवा, मागचे बोर्ड उघडून कसर लागलीय का बघा, स्कॅन करा. आणि मुख्य म्हणजे घरातल्या मोठ्या माणसांना प्रत्येक फोटोतली नावं विचारून पेन्सिलने माउंटच्या मागे लिहून ठेवा. आमच्या मुंजीच्या ग्रुप फोटोत अकरा माणसं आहेत. त्यांतल्या चौघांना आता फक्त आत्या ओळखते.

परत लावताना ड्रिल हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारा: या घरात दिवसभर कोण असतं आणि ते कुठे बसतं? त्या खुर्चीत जाऊन बसा, समोर बघा. आणि टेप तिथून लावा.